घरच्या सर्व्हरसाठी डिस्कचे कार्ड निवडताना

परदेशात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाचे बेसमेंट उघडून पाहिले, तर तिथे एक छोटेखानी दप्तरखाना सापडतो. मुलांच्या वाढदिवसांच्या व्हिडिओ कॅसेट, मंडळाच्या गणेशोत्सवात बसवलेल्या नाटकांचे चित्रीकरण, आईने गावाहून पाठवलेल्या आवाजाच्या कॅसेट, वडिलांची पत्रे, भारतभेटीचे अल्बम. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी हे सारे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि उतरवून घेतल्यावर 'आता हे ठेवायचे कुठे?' हा प्रश्न पुढे येतो. एका तासाची डीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर सुमारे १३ गिगाबाइट जागा खाते. अशा साठ कॅसेट म्हणजे जवळजवळ ८०० गिगाबाइट. त्यात फोटो आले, स्कॅन केलेली कागदपत्रे आली, आणि आता प्रत्येकाच्या फोनमधून रोज पडणारी भर आली.

मग कुणी महिन्याचे भाडे भरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जागा घेतो, तर कुणी घरातच एक जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात मांडून, त्यात चार-सहा-आठ डिस्क बसवून घरचा सर्व्हर करतो. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आणि स्वभावाने दुसऱ्या पंथातला. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारे अनेक स्नेही मला या सर्व्हरबद्दल विचारतात आणि त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडलेला असतो: 'डिस्क जोडायचे कार्ड कुठले घ्यावे? चाळीस डॉलरपासून हजार डॉलरपर्यंत कार्डे आहेत. महागडे घेतले म्हणजे माहिती जास्त सुरक्षित राहील ना?'

माझे उत्तर थोडे उलटे वाटेल. घरच्या सर्व्हरसाठी जे कार्ड कमीत कमी हुशारी दाखवते ते चांगले. असे का, ते या लेखात सविस्तर सांगतो.

मुळात कार्ड लागते का?

डिस्क आणि प्रोसेसर यांची भाषा वेगळी असते. डिस्क 'साटा' किंवा 'सॅस' या पद्धतीने बोलते आणि प्रोसेसरकडे जाणारा रस्ता 'पीसीआय एक्सप्रेस' या पद्धतीचा असतो. मधे दुभाषाचे काम करणारी जी चिप असते तिला कंट्रोलर म्हणतात. आपल्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असा एक कंट्रोलर आधीच असतो आणि त्याची चार किंवा सहा साटा तोंडे बोर्डाच्या कडेला दिसतात.

तेव्हा पहिला सल्ला पैसे वाचवणारा आहे. तुमच्या डिस्क या तोंडांत मावत असतील तर कार्ड घेऊच नका. आज बाजारात वीस टेराबाइटच्याही पुढच्या डिस्क मिळतात. बहुतेक घरांचा संसार दोन मोठ्या डिस्कमध्ये आणि त्यांच्या तंतोतंत प्रतींमध्ये, म्हणजे चार डिस्कमध्ये, सुखाने मावतो. कार्डाची गरज लागते ती डिस्क त्याहून अधिक झाल्यावर, किंवा बोर्डावर तोंडेच कमी असल्यावर, किंवा कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त सॅस डिस्क वापरायच्या असतील तेव्हा. सॅसचा कंट्रोलर साटा डिस्कशी बोलू शकतो, पण साटाच्या कंट्रोलरला सॅस डिस्कशी बोलता येत नाही, हे इथे लक्षात ठेवावे.

तीन जातींची कार्डे

दुकानात दिसणाऱ्या कार्डांच्या ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिली जात साध्या साटा कार्डांची. यावर चार, पाच किंवा सहा तोंडे असतात आणि किंमत कमी असते. दुसरी जात 'होस्ट बस अॅडाप्टर', म्हणजे एचबीए. ही कार्डे मूळची सर्व्हरसाठी केलेली असून आठ किंवा सोळा डिस्क जोडतात आणि प्रत्येक डिस्क आहे तशी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतात. तिसरी जात 'रेड' कार्डांची. या कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते आणि पुष्कळदा वीज गेली तर ती मेमरी जपणारी बॅटरीही असते. हे कार्ड आठ डिस्क पोटात घेते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला सांगते, 'ही घ्या तुमची एकच मोठी डिस्क. आतले मी बघतो.'

रेडची कल्पना जुनी आहे. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एक अवाढव्य महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, आणि त्यांतली एखादी मेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा काढता यावा अशी जादा माहिती लिहून ठेवावी, हा त्याचा गाभा. ही जादा माहिती काढायला गणित करावे लागते. त्या काळी मुख्य प्रोसेसरला ते ओझे होई, म्हणून ते काम कार्डावरच्या वेगळ्या प्रोसेसरला देण्यात अर्थ होता. आज साध्यातला साधा प्रोसेसर हे गणित डिस्कच्या वेगापेक्षा कितीतरी पटींनी जलद करतो. कार्डाच्या हुशारीचे मूळ कारण आता उरलेले नाही.

मुनीम आणि त्याची मोडी

रेड कार्ड मला जुन्या पेढीवरच्या मुनिमासारखे वाटते. कामाला चोख, सगळा हिशेब त्याच्या हातात. मालकाने फक्त 'शिल्लक किती?' एवढेच विचारायचे. पण हा मुनीम वह्या लिहितो स्वतःच्या लिपीत. तो आहे तोवर सगळे सुरळीत चालते. तो गेला की वह्या शाबूत असतात, कागद कोरा करकरीत असतो, पण वाचणारा उरत नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी पणजोबांचे मोडीतले कागद असेच पडून आहेत. निदान मोडी वाचणारे जाणकार अजून भेटतात. बंद पडलेल्या कार्डाची लिपी वाचणारे दुसरे कार्ड मिळेलच असे नाही.

कारण आठ डिस्कवर मजकूर कोणत्या क्रमाने, किती मोठे तुकडे करून पसरला आहे याची नोंद प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने डिस्कवर ठेवते. कार्ड जळाले तर बहुधा त्याच घराण्यातले दुसरे कार्ड लागते. आमच्या एका स्नेह्यांकडे हेच झाले. चार डिस्कचा सर्व्हर, त्यात रेड कार्ड. सात वर्षे बिनतक्रार चालल्यावर एके दिवशी कार्डाने मान टाकली. मी डिस्क एकेक करून तपासल्या, चारही धडधाकट होत्या. वहिनींनी विचारले, "भावजी, चारही डिस्क चांगल्या आहेत म्हणता, मग फोटो कुठे गेले?" फोटो कुठेही गेले नव्हते, पण ते सांगूनही त्यांना दाखवता येत नव्हते. ते मॉडेल निघायचे बंद होऊन बराच काळ लोटला होता. तीन आठवड्यांच्या शोधानंतर त्याच घराण्यातले एक वापरलेले कार्ड मिळाले आणि सगळे परत आले. कार्ड मिळाले नसते तर? हा प्रश्न त्या घरात आजही कुणी मोठ्याने विचारत नाही.

कार्डाची कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहावे, तर या धंद्याचा इतिहास पाहा. थ्रीवेअर हे एके काळी हौशी लोकांत फार मानाचे नाव. २००४ साली ती एएमसीसी नावाच्या कंपनीकडे गेली, २००९ साली तिचा कार्डांचा धंदा एलएसआयने घेतला, २०१४ साली एलएसआय अवागोने घेतली, आणि २०१६ साली अवागोने ब्रॉडकॉम विकत घेऊन तिचेच नाव धारण केले. अडॅप्टेकची कहाणी अशीच: २०१० मध्ये पीएमसी-सिएरा, २०१६ मध्ये मायक्रोसेमी, २०१८ मध्ये मायक्रोचिप. यात कुणाचा दोष नाही, कंपन्या विकल्या जातातच. पण आपण जे जपू पाहतो आहोत ते तीस-चाळीस वर्षांसाठी आहे, आणि त्याची किल्ली पाच-सात वर्षांत मालक बदलणाऱ्या वस्तूत ठेवणे शहाणपणाचे नाही.

न्यायाने सांगायचे तर बँकेत किंवा इस्पितळात रेड कार्डे उत्तम चालतात. तिथे कपाटात तेच दुसरे कार्ड तयार असते आणि कंपनीशी देखभालीचा करार असतो. आपल्या बेसमेंटमध्ये दोन्ही नसतात.

हिशेब सॉफ्टवेअरकडे

मग अनेक डिस्क एकत्र बांधायचे काम कुणी करायचे? ते ऑपरेटिंग सिस्टिमने करावे. लिनक्समध्ये 'एमडी' नावाची सोय आहे, आणि लिनक्स व फ्रीबीएसडी या दोन्हींवर 'झेडएफएस' चालते. झेडएफएसचे काम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ साली सुरू केले आणि २००५ साली त्याचा मूळ प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला. पुढे २०१० साली सन कंपनी ओरॅकलने घेतली. म्हणजे इथेही कंपनी गेलीच. पण लिपी उघड्यावर लिहिलेली होती, म्हणून २०१३ साली ओपन झेडएफएस या नावाने लोकांनी ती एकत्र येऊन पुढे चालू ठेवली आणि आजही ती जिवंत आहे. या डिस्क उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरला, दुसऱ्या कार्डाला, अगदी वेगळ्या क्रमाने जोडल्या तरी एका आज्ञेसरशी सगळा मजकूर परत दिसतो.

झेडएफएसचा आणखी एक गुण आपल्या कामाचा आहे. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याची एक बेरीज, म्हणजे चेकसम, ते वेगळ्या जागी लिहून ठेवते. वाचताना बेरीज जुळली नाही, तर डिस्कने चुकीचा मजकूर दिला हे त्याला कळते. मग ते दुसऱ्या डिस्कवरची प्रत वाचते, ती बरोबर निघाली तर आपल्याला देते आणि बिघडलेली जागा दुरुस्त करते. वर्षानुवर्षे न उघडलेल्या फोटोंमध्ये हळूच शिरणारी कीड अशी पकडता येते.

मात्र यासाठी प्रत्येक डिस्क त्याला स्वतंत्रपणे दिसली पाहिजे. मधे रेड कार्ड बसले असेल तर झेडएफएसला एकच मोठी डिस्क दिसते. चूक झाली हे त्याला कळेल, पण 'दुसरी प्रत दाखव' असे ते कुणाला सांगणार? दुसरी प्रत मुनिमाच्या कपाटात, आणि कोणत्या प्रतीत कीड आहे हे मुनिमालाही ठाऊक नाही. काही जण यावर तोडगा म्हणून रेड कार्डाला प्रत्येक डिस्कचा एकेकटा 'रेड-शून्य' करायला सांगतात. तो टाळावा. डिस्कवर कार्डाची लिपी तशीच राहते, आणि डिस्क आपल्या प्रकृतीबद्दल जी माहिती देते तीही नीट पोचत नाही.

आणखी एक बारकावा. घरगुती वापराच्या साध्या डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती बराच वेळ, कधी मिनिटभरही, झटत राहते. रेड कार्डाला तेवढा धीर नसतो. काही सेकंदांत उत्तर आले नाही की ते त्या डिस्कला मृत ठरवून बाहेर काढते. म्हणूनच सर्व्हरसाठीच्या डिस्क सुमारे सात सेकंदांत हार मानायला शिकवलेल्या असतात. सॉफ्टवेअरकडे हिशेब असेल तर किती वेळ थांबायचे हे आपल्याला ठरवता येते.

वेगाचा हिशेब

महाग कार्ड घेण्यामागे दुसरे कारण वेगाचे सांगितले जाते. पाटीवर हिशेब मांडून पाहू.

फिरणाऱ्या तबकडीची मोठी डिस्क सेकंदाला सुमारे २५० मेगाबाइट देते, तेही तबकडीच्या बाहेरच्या कडेला. आत जावे तसा वेग कमी होत जवळजवळ निम्म्यावर येतो. आठ डिस्क एकदम धावल्या तर २००० मेगाबाइट झाले. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीत एका मार्गिकेवरून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५. सर्व्हरच्या जुन्या कार्डांनाही आठ मार्गिका असतात. म्हणजे दुसऱ्या पिढीच्या जुनाट कार्डातूनही ४००० मेगाबाइट जाऊ शकतात, गरजेच्या दुप्पट.

आता दुसरे टोक पाहा. घरातल्या गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला जेमतेम ११० ते ११८ मेगाबाइट जातात. एकटी डिस्कसुद्धा याच्या दुप्पट देते. नळाला अर्ध्या इंचाची तोटी असताना टाकीपर्यंत दोन फुटी जलवाहिनी टाकण्यासारखे हे आहे. कार्डाच्या वेगाचा कस लागतो तो महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क तपासताना किंवा मेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना. तेवढ्यासाठी वर सांगितलेले जुने कार्ड पुरून उरते.

नावे, आकडे आणि त्यांचा अर्थ

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. दुकानदार कार्डाच्या खोक्यावर काहीही छापो, आपण विचारायचे ते चिपचे नाव.

एकूण सहापर्यंत डिस्क जोडायच्या असतील आणि त्या साटा असतील, तर साधे साटा कार्ड पुरते. एएसमीडिया कंपनीच्या 'एएसएम ११६६' या चिपवर सहा तोंडे आणि तिसऱ्या पिढीच्या दोन मार्गिका असतात. म्हणजे प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ३०० मेगाबाइटच्या वर येतात, ते पुष्कळ झाले. जेमायक्रॉनची 'जेएमबी ५८५' पाच तोंडांची. ही कार्डे एएचसीआय या सर्वमान्य पद्धतीने बोलतात, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. वीजही फार कमी खातात.

या जातीत एक सापळा आहे. दहा, सोळा, वीस तोंडांची स्वस्त कार्डे दिसतात. एवढी तोंडे एका चिपला नसतात, म्हणून त्यावर 'पोर्ट मल्टिप्लायर' नावाच्या जादा चिप बसवलेल्या असतात आणि एका तोंडाची चार-पाच केलेली असतात. एरवी ते चालते. पण एक डिस्क अडखळली की तिच्याबरोबर त्याच वाटेवरच्या शेजारणीही खोळंबतात, आणि सॉफ्टवेअरला वाटते की एकदम चार डिस्क गेल्या. अशी कार्डे घेऊ नयेत.

आठ डिस्क किंवा त्याहून अधिक असतील तर एचबीए. इथे एलएसआयच्या चिपचे राज्य आहे. तीन पिढ्यांची नावे लक्षात ठेवली की पुरे. 'सॅस २००८' (हे साल नव्हे, चिपचा क्रमांक) दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची, ९२११-८आय या कार्डावरची. 'सॅस २३०८' तिसऱ्या पिढीची, ९२०७-८आय वरची. 'सॅस ३००८' हीही तिसऱ्या पिढीची, पण डिस्कच्या बाजूला दुप्पट वेगाची, ९३००-८आय वरची. नावातला '८आय' म्हणजे आतली, इंटर्नल, आठ. 'ई' असेल तर तोंडे पेटीच्या बाहेर उघडतात, ते आपल्या कामाचे नाही. याहून जुन्या १०६८ क्रमांकाच्या चिपची कार्डे फार स्वस्त मिळतात, पण त्यांना दोन टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्ण दिसत नाही, म्हणून ती सोडून द्यावीत.

माझी शिफारस ९२०७-८आय. ते मुळातच एचबीए म्हणून विकले गेले, तिसऱ्या पिढीचे आहे, आणि वापरलेले कार्ड नव्याच्या तुलनेत अगदी थोडक्या किमतीत मिळते. सॅस ३००८ चे कार्ड त्याच भावात मिळाले तर तेही बेलाशक घ्यावे.

याच चिपची कार्डे डेल, आयबीएम यांसारख्या कंपन्यांनी आपापल्या नावाने विकली. डेलचे पर्क एच२००, आयबीएमचे एम१०१५ ही त्यांतली प्रसिद्ध. एकाच चिपवर दोन प्रकारचे फर्मवेअर चढवता येते. 'आयआर' म्हणजे थोडेफार रेड करणारे, आणि 'आयटी' म्हणजे डिस्क नुसत्या पुढे करणारे. आपल्याला आयटी हवे. विकणाऱ्याने ते आधीच चढवलेले असेल तर उत्तम. नसेल तर ते स्वतः चढवता येते, पण डेल-आयबीएमच्या कार्डांवर तो खटाटोप जरा लांबलचक असतो. सॅस २००८ आणि २३०८ साठी फर्मवेअरची २०.००.०७.०० ही आवृत्ती पाहावी. विसाव्या मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोष होते. कार्डाला जोडलेल्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू करायचा नसेल तर कार्डावरचा बूटचा भाग काढून टाकला तरी चालतो, सुरू होण्याचा वेळ वाचतो.

खाच, केबल, उष्णता

कार्ड चांगले असूनही घरी आणल्यावर अडचणी येतात त्या या तीन ठिकाणी.

पहिली मदरबोर्डवरची खाच. लांबीला सोळा मार्गिकांची दिसणारी दुसरी खाच साध्या बोर्डांवर पुष्कळदा आतून चारच मार्गिकांची असते. बोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. घाबरायचे कारण नाही, आठचे कार्ड चारवरही चालते. ९२०७ असेल तर चार मार्गिकांतून सुमारे ३९०० मेगाबाइट जातात, आठ डिस्कना भरपूर. ९२११ असेल तर २०००, म्हणजे अगदी काठोकाठ. डेल-आयबीएमची काही कार्डे घरगुती बोर्डात बसवली तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही. कार्डाच्या कडेवरचे बी५ आणि बी६ हे दोन बारीक संपर्क चिकटपट्टीने झाकले की तो सुरू होतो. माहीत नसेल तर माणूस चांगले कार्ड बिघडलेले समजून परत करतो.

दुसरी केबल. ९२११ आणि ९२०७ यांना एसएफएफ-८०८७ हे तोंड असते, ९३०० ला एसएफएफ-८६४३. एका तोंडातून चार डिस्कची शेपटे निघतात. दुकानात दिसायला हुबेहूब अशा दोन केबल असतात, 'फॉरवर्ड' आणि 'रिव्हर्स'. कार्डाकडून डिस्ककडे जाताना फॉरवर्ड लागते. रिव्हर्स घेतली तर ती बसते छान, पण डिस्क दिसत नाहीत.

तिसरी उष्णता. ही कार्डे सर्व्हरच्या पेटीसाठी केलेली आहेत. तिथे पंखे वादळासारखे घोंघावत असतात. आपल्या शांत पेटीत तेवढा वारा नसतो आणि कार्डावरचा अॅल्युमिनियमचा ठोकळा हात लावू नये इतका तापतो. तापलेले कार्ड एकदम बंद पडत नाही, अधूनमधून डिस्क गायब करते, आणि दोष डिस्कवर जातो. चाळीस मिलिमीटरचा छोटा पंखा प्लॅस्टिकच्या पट्टीने त्या ठोकळ्यावर बांधला की प्रश्न सुटतो.

विजेचाही विचार करावा. असे कार्ड साधारण दहा वॅट घेते. चोवीस तास, वर्षभर म्हणजे सुमारे ८८ युनिट. युनिटला वीस सेंट धरले तर साडेसतरा डॉलर. फार नाही, पण चारच डिस्क असलेल्या घराने हे भाडे उगीच का भरावे? शिवाय डिस्क सुरू होतानाच्या क्षणी प्रत्येकी वीस-पंचवीस वॅट ओढतात. आठ डिस्कसाठी त्या क्षणाला दोनशे वॅट लागतील हे पॉवर सप्लाय निवडताना ध्यानात ठेवावे.

वापरलेले कार्ड घेताना ते खरोखर एखाद्या सर्व्हरमधून काढलेले असेल असे पाहावे. नामांकित कार्डांच्या नकला बाजारात आहेत. कोऱ्या खोक्यातले, जुन्या मॉडेलचे, चकचकीत 'नवे' कार्ड फारच स्वस्त मिळत असेल तर संशय घ्यावा. सर्व्हर मोडीत काढणाऱ्या व्यापाऱ्याकडचे थोडे धुळकट कार्ड बरे. आणल्यावर आठवडाभर डिस्कची संपूर्ण तपासणी चालू ठेवावी आणि मगच त्यावर जिवापाड जपलेले फोटो सोपवावेत.

कार्डाच्या हातात नसलेल्या गोष्टी

कार्ड कितीही चांगले निवडले तरी त्याने एक गोष्ट होत नाही. एक डिस्क मेली तर दुसरीवरून माहिती मिळेल, पण बेसमेंटमध्ये पाणी शिरले, घरात चोरी झाली किंवा कुणी चुकून अख्खा फोल्डर पुसला, तर आठही डिस्क एकाच वेळी निरुपयोगी ठरतात. म्हणून एक संपूर्ण प्रत घराबाहेर हवीच. दुसऱ्या गावातल्या मित्राशी अदलाबदल करता येते, तुमची डिस्क त्याच्याकडे आणि त्याची तुमच्याकडे, दोन्ही कुलूपबंद सांकेतिक लिपीत. कार्डावर वाचवलेल्या पैशात ही डिस्क येते, आणि पैसे खर्च करायची खरी जागा तीच.

दुसरे, सर्व्हरच्या पेटीच्या आत एक कागद चिकटवावा. कोणते कार्ड आहे, डिस्क कशा बांधल्या आहेत, कोणते सॉफ्टवेअर आहे, घराबाहेरची प्रत कुणाकडे आहे आणि सांकेतिक लिपीची किल्ली कुठे ठेवली आहे, एवढे पाच मुद्दे साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत. आपल्या मुलांना या उपद्व्यापात रस असेलच असे नाही. उद्या आपण नसताना त्यांनी एखाद्या जाणकाराला बोलावले, तर तो कागद वाचून त्याला डिस्क कुठल्याही साध्या कॉम्प्युटरला जोडता आल्या पाहिजेत. कार्डाच्या निवडीचा कस तिथे लागतो. आपण लावलेले कार्ड काढून फेकून दिले तरी आजीचा आवाज ऐकू आला पाहिजे.

तेव्हा मंडळी, चार डिस्क असतील तर कार्ड नको, सहा असतील तर साधे साटा कार्ड, आठ असतील तर आयटी फर्मवेअरचे एचबीए आणि त्यावर एक छोटा पंखा. हिशेबाची वही मात्र उघड्या लिपीतच लिहावी.